तिरप्या रेघेच्या अलीकडचं घर

कॉलेजसाठी डहाणूला बाईंकडे भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. पत्ता विचारला.

मी म्हटलं, "वेवजी."

"वेवजीत कुठे?"

"पाड्यावर."

"वेवजीत पाडा काय एकच आहे? पाड्याचं नाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन. सांग."

मी तलासरीपर्यंत पोहोचले आणि जिल्हा ठाणे म्हणाले. बाईंनी हातानेच थांबवलं. "ठाणे गेलं. आता पालघर." पिन मला येत नव्हता. बाबा पायरीखाली चपला हातात घेऊन उभे होते. पोरगी तोंडी परीक्षेत नापास होते की काय, अशा चेहऱ्याने ते माझ्याकडे बघत होते. शेवटी बाईंनीच पिनचे आकडे सांगितले आणि म्हणाल्या, "आता शेवटाकडून वाच. आधी पिन, मग जिल्हा, मग तालुका, मग पोस्ट, मग पाडा. आणि सगळ्यात शेवटी तू."

मी तसं म्हणून दाखवलं. खोली मिळाली.

बाई किनाऱ्याकडच्या एका गावात पोस्टमास्तर होत्या. निवृत्त होऊन डहाणूच्या घरी आल्या तरी खातं त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. लग्नाची पत्रिका आली की वधूवरांची नावं वाचायच्या आधी त्या कार्यालयाचा पत्ता खालून वर वाचत, आणि त्यात तालुका राहिला असेल तर "हे लग्न काही सापडायचं नाही" म्हणून पत्रिका बाजूला ठेवत. रस्त्यात कोणी रिक्षावाल्याने "मावशी, अमक्याचा बंगला कुठे?" विचारलं तर आधी त्याने पत्ता नीट का घेतला नाही, याबद्दल त्याला ऐकून घ्यावं लागे. बंगला बहुतेक वेळा समोरच असे.

ओळखदेख हा शब्द त्यांना शिवीसारखा वाटे. सख्ख्या भावाची मनीऑर्डर ओळखपत्र नाही म्हणून त्यांनी परत पाठवली होती. ही गोष्ट त्या फार अभिमानाने सांगत. एकदा भाऊ आला होता. तोही ती गोष्ट सांगत होता, पण त्याच्या सांगण्यात अभिमान नव्हता.

अशा बाईंना कोणीतरी, त्या निवृत्त झाल्यावर, एक मेल पाठवली. तुमचं पार्सल टपाल खात्यात अडकलंय, इथे क्लिक करा आणि शुल्क भरा. पाठवणाऱ्याने माणूस चुकीचा निवडला. बाईंनी पत्ता वाचला, अर्थात शेवटाकडून, आणि तो खात्याचा नव्हता. आपल्याला कोणी लुबाडायला निघालं, याचा त्यांना फारसा राग आला नाही. खात्याचं नाव वापरलं, याचा आला. "माझ्या खात्याच्या नावाने? आणि शुल्क? पार्सलाचं शुल्क असं घेतात का?" भाच्याने दिलेला लॅपटॉप तोपर्यंत क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला असायचा. त्या दिवसापासून रुमाल निघाला तो निघालाच.

त्यांचं काम असं चाले. शेजारपाजारचे लोक, कॉलेजातल्या मुली, भाजीवाल्याचा मुलगा, कोणालाही संशयास्पद मेसेज आला की तो बाईंना दाखवायचा. बाई आधी पत्ता वाचत. मग त्या नावाची नोंद बघत. जमीन कोणाच्या नावावर आहे ते जसं सातबाऱ्यावर कळतं, तसं वेबसाइटचं नाव कोणी, कधी, कोणत्या कंपनीकडून घेतलं ते त्या वेळी इंटरनेटवर उघड दिसायचं. नाव विकणाऱ्या प्रत्येक कंपनीचा तक्रारीसाठी एक वेगळा मेल पत्ता असतो. बाई त्या पत्त्यावर तक्रार पाठवत: खोट्या पानाचा पूर्ण पत्ता, पडद्याचा फोटो, आलेली मूळ मेल, कुठल्या खऱ्या संस्थेचं सोंग घेतलंय ते, आणि खाली सही, "निवृत्त पोस्टमास्तर". टाइप एका बोटाने. पण शेवटचं बटण दाबताना मूठ वळून वर न्यायच्या आणि ठप्पा मारल्यासारखी खाली आणायच्या. ते बटण दोनदा बदलावं लागलं.

कंपन्यांकडून उत्तर लगेच यायचं. तुमची तक्रार मिळाली, तिचा क्रमांक अमुक. बाई भारावून जात. "बघ, चहा निवला नाही तोवर उत्तर! आपल्याकडे आहे का असा तत्पर माणूस?" मग त्या त्याला आभाराचं पत्र पाठवत. त्यावर पुन्हा उत्तर यायचं, तुमची तक्रार मिळाली, नवा क्रमांक. बाई पुन्हा आभार मानत. एका दुपारी हे बराच वेळ चाललं. ही मशीन उत्तर देतेय, असं मी भीत भीत सांगितलं.

"मशीन असेल," बाई म्हणाल्या. "पण वळण चांगलं आहे."

पत्ता कसा वाचायचा, हे मी त्यांच्याकडून शिकले, आणि ते शिकताना माझे पैसे थोडक्यात वाचले. कॉलेजचं पहिलं वर्ष होतं. आमच्या मुलींच्या ग्रुपवर शिष्यवृत्तीचा फॉर्म आला. मी ओटीवर बसून पासबुक उघडून खाते क्रमांक भरत होते. नावात सरकार होतं, आदिवासी होतं, विकास होता. अशोकस्तंभही होता.

"पत्ता वाच," बाई आतून म्हणाल्या.

मी डावीकडून वाचायला लागले.

"कुठून वाचतेस? पहिली एकेरी तिरपी रेघ कुठे आहे ते बघ. तिथून मागे ये. रेघेच्या लगेच अलीकडे जे आहे ते घर. त्याच्या डावीकडे माणूस वाटेल ते लिहील. मी माझ्या दारावर राष्ट्रपती भवन लिहिलं तर काय ते होतं का?"

रेघेच्या अलीकडे सरकारी पत्त्याच्या शेवटी असतं ते 'गव्ह डॉट इन' नव्हतं. 'फॉर्म' आणि 'हेल्प' असं काहीतरी जोडून, शेवटी 'डॉट कॉम'. सरकार होतं, पण पार डावीकडे, दारावरच्या पाटीसारखं. मी पासबुक मिटलं.

"आणि रेघेनंतरचं?" मी विचारलं होतं.

"ते वाचत बसायचं नाही. पोस्टमन दारापर्यंत. घरात कुठल्या खोलीत कोण बसतं, हा पोस्टाचा विषय नाही."

हे वाक्य बाई इतक्या ठामपणे म्हणत की मी ते माझ्या मैत्रिणींनाही शिकवलं.

आता घोलवडच्या शेठचं सांगायला हवं. शेठची घोलवडला नर्सरी होती. चिकूची कलमं, आंबा, नारळ. बाई नोकरीत असल्यापासून शेठ त्यांच्याकडे पार्सलं घेऊन यायचे आणि दोघं भांडायचे. शेठ रोपांच्या मुळांना ओलं गोणपाट बांधायचे, बाई म्हणायच्या ओलं पार्सल चालणार नाही, शेठ म्हणायचे, "बेन, कोरडं बांधू तर झाड मरेल," बाई म्हणायच्या, "मग झाडाला रेल्वेने पाठवा, तिकीट काढून." त्यांच्या बोलण्याला कोणी मैत्री म्हटलं असतं तर दोघांनाही राग आला असता. पण महिन्यातून एकदा बाई घोलवडला जात आणि येताना पिशवीभर चिकू आणत. "ठेवायला जागा नव्हती त्याच्याकडे," असं मला सांगत.

शेठने मुलासारखा सांभाळलेला एक पुतण्या होता. त्याने नर्सरीची वेबसाइट केली. तेव्हापासून वलसाड, नाशिक, पार सौराष्ट्रातूनही मेलवर ऑर्डरी यायला लागल्या. शेठला मेल वाचता येत नव्हती, पण ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आपलं दुकान आता आभाळात पण आहे."

मी दुसऱ्या वर्षाला असताना, जून लागायच्या सुमाराला, शेजारच्या शिंपीणकाकूंना बँकेच्या नावाने मेल आली. खातं बंद होणार, माहिती भरा. त्यांनी मोबाइल बाईंकडे आणला. बाईंनी रेघ शोधली, मागे आल्या आणि थांबल्या. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचलं.

रेघेच्या अलीकडे शेठची नर्सरी होती.

त्यांनी नोंद काढली. पुतण्याचं नाव. गाव घोलवड, तालुका डहाणू. पिन बरोबर.

"बाई," मी म्हटलं, "एकदा फोन करून विचारूया का त्यांना?"

"चोराला फोन करून विचारतात का, बाबा रे, तू चोर आहेस का?"

"पण शेठ..."

"शेठ नाही, पुतण्या. आणि माझ्या टेबलावर ओळख चालत नाही."

त्या दिवशी तक्रार लिहायला त्यांना रोजच्यापेक्षा वेळ लागला. मी बाजूला बसले होते. मला वाटत होतं की काहीतरी बरोबर नाही, पण काय ते मला सांगता येत नव्हतं. आणि बाईंना चूक म्हणायची माझी तयारीही नव्हती. त्यांनी मूठ उचलली आणि ठप्पा मारला.

कंपनी खरोखरच तत्पर निघाली. नर्सरीचं नावच बंद केलं. वेबसाइट गेली आणि तिच्याबरोबर मेलही गेली.

मग एका संध्याकाळी शेठचा फोन आला. बाईंना कमी ऐकू येतं, म्हणून त्या फोन नेहमी स्पीकरवर ठेवत.

"बेन, आपलं दुकान कोणीतरी बंद केलं! आभाळातलं!"

बाई खुर्चीत सरळ बसल्या.

"कलमं तयार हाय. लोकांच्या मेल परत जातात. पाऊस आला की लावणी, मग कोण घेल कलम? कोणीतरी तक्रार केली म्हणे, इथून बँकेची चोरी चालते. चोरी! माझ्या नर्सरीतून!" शेठचा आवाज बसला. "पोरगा सांगतो, मी काय नाय केलं. मी सांगितलं, केलं नाय तर बंद कसं झालं? उद्यापासून माझ्या दारात पाय ठेवू नको, बोललो त्याला. माझी इज्जत गेली, बेन. तुम्हाला यातलं कळतं. बघा ना जरा, काय हाय ते. आणि तो तक्रार करणारा कोण हरामखोर हाय तो पण बघा."

"बघते," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "तो पत्ता काढ. पूर्ण."

पडद्याचा फोटो होताच. मी वाचायला लागले, डावीकडून नाही, रेघेपासून मागे.

"नाही," बाई म्हणाल्या. "रेघेच्या पुढचं वाच."

रेघेच्या पुढे आधी फोटोंचा कप्पा होता. त्याच्या आत वर्षाचा. त्याच्या आत आणखी एक, ज्याला नाव नव्हतं, नुसती अक्षरं होती, कुत्र्याने बटणांवर पाय ठेवल्यासारखी. आणि त्याच्या आत बँक.

"बाई, स्वतः चोरी करायची असती तर त्याने ती कलमांच्या फोटोंमागे लपवली असती का?" मी म्हटलं. "आणि स्वतःच्या खऱ्या नावावर, खऱ्या पत्त्यावर?"

"कोणीतरी आत शिरलंय," बाई म्हणाल्या. "घर शेठचंच. चोर मागच्या खोलीत." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आणि मी दारावरूनच परत फिरले."

सकाळी त्यांनी इस्त्रीची साडी नेसली. मला म्हणाल्या, "तूही चल. ते कप्प्यांचं मला समजावून सांगता येणार नाही." एसटीने निघालो. तिकिटावरचं गावाचं नावही त्यांनी तपासलं नाही.

शेठ नर्सरीत बाकावर बसले होते. पुतण्या फाटकाच्या बाहेर उभा होता. दारात पाय ठेवू नको म्हटल्यावर त्याने तो खरोखरच ठेवला नव्हता, पण लांबही गेला नव्हता. बाईंनी त्याला खूण करून आत बोलावलं. तो शेठकडे बघत राहिला.

"येऊ दे त्याला," बाई म्हणाल्या. "त्याने काही केलेलं नाही. तक्रार मी केली होती."

शेठला ते कळायला वेळ लागला. "कोणती तक्रार?"

"तुमचं दुकान मी बंद पाडलं. नाव तुमचं दिसलं, पिन बरोबर होता, मी पुढचं वाचलं नाही. तुमच्या घरात चोर शिरलाय आणि मी घरमालकालाच चोर ठरवलं." हे त्या उभ्यानेच बोलल्या, आवाज न चढवता, वरिष्ठांपुढे खुलासा देतात तसं. "नियमाप्रमाणे केलं. पण चुकीचं केलं."

मी कप्प्यांचं सांगायला लागले. मध्येच अडखळले. पुतण्यानेच पुढे सांगितलं, कारण ऐकता ऐकता त्याला कळलं होतं. वेबसाइटचा पासवर्ड नर्सरीचं नावच होता आणि तो त्याने कधी बदलला नव्हता. तो मान खाली घालून म्हणाला, "कुलूप मीच नाय लावलं, काका."

शेठ उठले. शेजारच्या आंब्यापाशी गेले, वर एका फांदीवर बांडगूळ होतं, ते बघत राहिले.

"बेन," ते म्हणाले, "बांडगूळ दिसलं तर फांदी छाटतात. तुम्ही झाड आडवं केलं."

बाई म्हणाल्या, "हो."

"एक फोन नाय करायचा? इतकी वर्षं माझ्याशी भांडता, एक फोन नाय?"

बाई हातातल्या पिशवीची घडी घालायला लागल्या. मी त्यांना पहिल्यांदाच असं बघितलं. शेठने पुतण्याला फाटकातून आत घेतलं, खांद्याला धरून. आम्हाला बसा म्हणाले नाहीत. आम्ही रिकाम्या पिशवीने परत आलो.

पुढचे काही दिवस बाईंनी जी पत्रं लिहिली तशी त्यांनी आधी कधी लिहिली नव्हती. पुतण्याने खोटं पान काढून टाकलं, पासवर्ड बदलला, जुनं सॉफ्टवेअर नवं केलं, आणि कंपनीला तसं कळवलं. बाईंनी वेगळं कळवलं: तक्रार करणारी मीच, पान खोटं होतं हे खरं, पण घरमालक निर्दोष आहे, पान आता गेलेलं आहे, आतल्या कप्प्यांचे फोटो मी स्वतः पाहिले आहेत, कृपा करून नाव मोकळं करावं. मशीनचं उत्तर आलं. या वेळी त्यांनी मशीनचे आभार मानले नाहीत. "माणूस कधी वाचेल?" एवढंच विचारत राहिल्या. एका दुपारी माणसाने वाचलं आणि नाव मोकळं झालं. पहिल्या सरी तोपर्यंत पडून गेल्या होत्या, पण लावणीला वेळ होता. कलमं गेली. पुतण्या कामावर राहिला. हे सगळं आम्हाला पुतण्याकडूनच कळलं. शेठचा फोन आला नाही. बाईही घोलवडला गेल्या नाहीत.

कामाची पद्धत मात्र बदलली. आता बाई आधी पूर्ण पत्ता वाचत, रेघेच्या अलीकडचा आणि पलीकडचाही. नाव नुकतंच घेतलेलं, पाटी दुसऱ्याची, घरात एकही खरी वस्तू नाही, असं दिसलं तर तक्रार थेट नाव विकणाऱ्या कंपनीकडे. पण घर जुनं, चालतं, कोणाच्या तरी पोटापाण्याचं असेल आणि घाण फक्त मागच्या कप्प्यात असेल, तर आधी मालकाला फोन. ही पद्धत बरोबर होती. अडचण एवढीच, की मालक बाईंनाच भामटा समजत. "तुमच्या वेबसाइटमध्ये चोर शिरलाय, लगेच पासवर्ड बदला," असं अनोळखी बाई फोनवर सांगायला लागल्यावर कोणीही काय करेल? लोक फोन आपटत. एकाने पोलिसांत देईन म्हटलं. बाई खूश झाल्या. "शहाणा आहे. अनोळखी माणसावर असा विश्वास ठेवूच नये." आणि पुन्हा त्यालाच फोन लावला.

पावसाळा सरत आला होता, तेव्हाची गोष्ट. वापीच्या एका मंडपवाल्याच्या वेबसाइटमध्ये असंच खोटं पान सापडलं. मंडपाच्या फोटोंमागे कोणत्यातरी बँकेचं दार. बाईंनी त्याच्या वेबसाइटवरचाच नंबर लावला.

"तमे कोण?" तो संशयाने म्हणाला.

"निवृत्त पोस्टमास्तर. डहाणू."

"पोस्टवाली बाई माझी वेबसाइट कशाला बघते?"

बाईंनी त्याला समजावलं. त्याला पटेना. त्याच्याकडे आधी असेच दोन फोन आले होते, आणि दुसरा माणूस तर त्याच्या खात्यातले पैसे घेऊन गेला होता. "मॅडम, तुम्हाला ओळखणारा कोणी हाय? ज्याला मी विचारू?"

बाईंनी फोनवर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं. ज्यांनी जन्मभर ओळख टेबलावर येऊ दिली नाही, त्यांच्याकडे कोणीतरी ओळख मागत होतं. मला वाटलं, भावाचं नाव सांगतील. पण घोलवडच्या एका नर्सरीचं नाव त्यांनी सांगितलं. "त्यांच्या वेबसाइटवर नंबर आहे. विचारून बघा. ते काय सांगतील ते मला माहीत नाही."

मंडपवाल्याने फोन ठेवला. बाई लॅपटॉपसमोर बसून राहिल्या. एकदा उठून पाणी प्यायल्या. मी वही उघडून बसले होते, पण वाचत नव्हते.

फोन वाजला. मंडपवाला हसत होता.

"बेन, केला मी फोन. शेठ बोलले, ओळखतो ना! माझं चालू दुकान या बाईने बंद पाडलेलं. तुला तुझं ठेवायचं असेल तर ती बोलते ते मुकाट्याने ऐक."

बाईंनी चष्मा काढला.

"आणखी काय म्हणाले?"

"आणखी काय नाय. हां, बोलले, तिला सांग, इथे चिकू पडून सडतात, ठेवायला जागा नाय."

बाईंनी चष्मा पुन्हा लावला. मग घसा साफ केला आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच कडक आवाजात म्हणाल्या, "ते नंतर. तुम्ही आधी पासवर्ड बदला. मी लाइनवर थांबते."